कुंपणच शेत खातं तेव्हा

मैत्रिणींनो, गेल्या अंकात लोणच्याच्या बरणीला बुरशी का धरते ते लिहिलं होतं. ह्या वेळचा विषयसुद्धा स्वयंपाकघरातच सुरू झाला, पण जाऊन पोचला तो दवाखान्यात. थोडा अवघड आहे. हातातलं काम उरकून, चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

आमच्या थोरल्या वन्सं कराडला असतात. दोन वर्षांपूर्वी भावोजींच्या पोटात दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताचे खडे असतील अशी सगळ्यांची समजूत. खडे नव्हतेच, पण उजव्या किडनीवर मोसंब्याएवढी गाठ निघाली. किडनीचा कर्करोग. ऑपरेशन करून ती किडनी काढली, भावोजी दीड महिन्यात कामावर रुजूही झाले. आम्ही सगळे देवापुढे साखर ठेवून मोकळे झालो. पण ह्या वर्षी तपासणीत फुप्फुसात दोन ठिपके दिसले. गाठ काढून टाकली तरी तिचं बी आधीच कुठेतरी जाऊन पडलं होतं.

वन्संचा मुलगा फाइल चाळत होता. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात लिहिलं होतं की गाठीत लिम्फोसाइट पेशींची गर्दी आहे. लिम्फोसाइट म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, असं त्यानं आईला सांगितलं. वन्सं बराच वेळ गप्प होत्या. रात्री मला फोन आला. "अगं, एवढं सैन्य तिथं हजर होतं, मग तो रोग निसटला कसा? सैन्याच्या अंगात बळच नसणार. म्हणजे माझ्या हातच्या अन्नातच कस नव्हता ना?"

ह्यावर मी काय बोलणार! त्यातून नातेवाइकांपैकी एकजण येऊन बोलून गेल्या होत्या, "घरचं नीट पोटात गेलं असतं तर प्रतिकारशक्ती अशी ढासळली नसती हो." तीस वर्षं ज्या बाईनं पोळीवरचं तूप कधी चुकवलं नाही, तिला हे ऐकावं लागावं! दुसऱ्याच दिवशी वन्संनी बाजारातून गुळवेलीचा काढा, आवळ्याचा रस आणि 'प्रतिकारशक्तीवर्धक' अशी पट्टी लावलेली दोन चूर्णं आणली. ओट्यावर बाटल्यांची रांग लागली.

आता मी बी. ए., तेही मराठी आणि इतिहास घेऊन. पण वन्संबरोबर मी डॉक्टरांकडे गेले, वहीत प्रश्न लिहून नेले. डॉक्टर भले होते, त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर चित्रं काढून सांगितलं. जे कळलं नाही ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत छळून विचारलं. त्यांनीही पुस्तकं आणून दिली. त्यातून जे समजलं ते इथे मांडते.

आधी एक जुनी गोष्ट. १८८२ साल. इटलीतल्या सिसिली बेटावर मेसिना गावी मेचनिकॉफ नावाचे रशियन शास्त्रज्ञ राहत होते. एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली आणि हे एकटे सूक्ष्मदर्शक घेऊन घरात बसले. (पुरुषमाणसाला घरात एकटं सोडलं की काहीतरी उद्योग होतोच.) समुद्रातल्या तारामाशाचं पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. त्याच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे हिंडताना त्यांना दिसत होत्या. ह्या पेशी राखणदार तर नसतील? बागेत जाऊन त्यांनी गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लाच्या अंगात टोचून ठेवले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पाहतात तर त्या फिरत्या पेशींनी काट्याभोवती गराडा घातलेला! आपल्या बोटात कूस गेलं की दुसऱ्या दिवशी ठणकतं आणि पू धरतो, तो प्रकार हाच. ह्या कामासाठी त्यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. ह्या पेशींतल्या मोठ्या जातीला मॅक्रोफेज म्हणतात. ग्रीक शब्द आहे, अर्थ 'मोठे खादाड'. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा, सगळं ते गिळतात.

इथपर्यंत आपण शाळेत शिकलेलो असतो. पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, रोग म्हणजे शत्रू. मी स्वतः पाचवीच्या मुलांना तसं सांगितलेलं आहे. पण ह्या खादाडांना आणखी एक काम असतं आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. ते म्हणजे डागडुजी.

विळीवर बोट कापलं की काय होतं पाहा. आधी रक्त थांबतं. मग मॅक्रोफेज येऊन घाण उचलतात. घाण उचलून झाली की तेच मॅक्रोफेज गवंडीकाम काढतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून निरोप धाडतात, आजूबाजूच्या पेशींना वाढायला सांगतात, नव्या पेशींना सरकायला जागा हवी म्हणून भोवतालचं घट्ट विणकाम जरा विरघळवून सैल करतात. आणि ह्या सगळ्या गडबडीत लढणाऱ्या पेशींनी नव्या कातडीवर हल्ला करू नये म्हणून त्यांना 'आता पुरे' असंही सांगतात. आठ-दहा दिवसांत जखम भरते आणि गवंडी सामान आवरून निघून जातात.

आता हीच चारही कामं कर्करोगाच्या गाठीत झाली तर? नव्या रक्तवाहिन्या, वाढीला खतपाणी, सरकायला मोकळी वाट आणि लढणाऱ्यांना गप्प बसा म्हणून दटावणी. पसरू पाहणाऱ्या रोगाला आणखी काय हवं! अमेरिकेतल्या बोस्टनचे डॉ. हॅरॉल्ड ड्वोराक ह्यांनी १९८६ मध्ये लिहिलं होतं की गाठ म्हणजे न भरणारी जखम. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. गाठीतून जखमेसारख्या हाका जात असतात. मॅक्रोफेज त्या ऐकून इमानानं धावत येतात आणि आपलं रोजचंच काम करतात. वन्सं चटकन म्हणाल्या, "म्हणजे कुंपणच शेत खातंय." डॉक्टर हसले. "खातंय म्हणा, पण त्याला वाटतंय आपण राखणच करतोय."

हे नुसतं म्हणणं नाही, करून पाहिलेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये जेफ्री पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून २००१ मध्ये ते प्रसिद्ध केले. ज्यांच्या अंगात मॅक्रोफेज वाढवणारा एक पदार्थच तयार होत नाही, असे उंदीर त्यांनी घेतले. त्या उंदरिणींना स्तनाची गाठ झाली, ती वाढलीही, पण रोग फुप्फुसात पसरायचं प्रमाण खूप कमी झालं. म्हणजे गाठ होणं वेगळं आणि ती पसरणं वेगळं, आणि पसरायला ह्या पेशींचा हातभार लागतो. हे स्तनाच्या कर्करोगाचं आणि उंदरांतलं झालं हे खरं. पण माणसाच्या किडनीच्या गाठीतसुद्धा मॅक्रोफेजची दाटी असते आणि ती जास्त असेल तर सहसा रोगाचं लक्षण चांगलं नसतं, असं दिसून आलेलं आहे.

किडनीची गोष्टच जरा निराळी आहे. मुठीएवढा अवयव, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांतून फिरतो. भावोजींना झालेला प्रकार सगळ्यांत जास्त आढळणारा. त्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्या, स्वच्छ दिसतात, कारण त्यांत साठलेली चरबी आणि साखरेचा साठा काचपट्टी तयार करताना धुऊन जातो. ह्या गाठीत बहुधा व्हीएचएल नावाचा एक जनुक बिघडलेला असतो. तो बिघडला की भरपूर प्राणवायू मिळत असूनही पेशीला वाटतं आपण गुदमरतोय. मग ती सारखी रक्तवाहिन्या मागवते. पेशींना प्राणवायूची कमतरता कळते कशी, हे शोधून काढणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. गाठ अशी रक्तानं भरलेली, आणि किडनीतून निघालेली शीर थेट मोठ्या शिरेला मिळते. तिथून रक्त हृदयात आणि हृदयातून आधी फुप्फुसात. सुटलेलं बी बरेचदा फुप्फुसातच का रुजतं, ते इथे कळतं.

आता वन्संच्या मूळ प्रश्नाकडे येते. एवढ्या लिम्फोसाइट तिथं होत्या, त्यांचं काय?

ह्यातल्या टी पेशी म्हणजे खरे लढवय्ये. बिघडलेली पेशी ओळखून तिला मारतात. आतड्याच्या कर्करोगात गाठीमध्ये ह्या पेशी जितक्या जास्त तितका रोगी जास्त जगतो, असं पॅरिसच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. बऱ्याच कर्करोगांत तसंच आहे. किडनीचं मात्र उलटं निघालं! इथे टी पेशींची गर्दी जास्त, तर रोग बरेचदा अधिक आक्रमक. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, ऐकण्यात काही चूक तर होत नाही ना.

चूक नव्हती. त्या पेशी तिथं असतात पण दमलेल्या असतात. आमच्या शेजारच्या फ्लॅटची दारावरची बेल मध्यंतरी बिघडली होती, दिवसभर आपोआप वाजायची. पहिल्या दिवशी मी चार वेळा उठून बघून आले. तिसऱ्या दिवशी बेल वाजते आहे हेच मला ऐकू येईना. टी पेशींचं तसंच होतं. गाठीकडून अहोरात्र धोक्याची घंटा वाजत राहिली की त्यांच्या अंगावर 'थांबा' म्हणणारी बटणं उगवतात. त्यातल्या एकाचं नाव पीडी-१. गाठीतल्या पेशी आणि मॅक्रोफेज नेमकं तेच बटण दाबून धरतात. पुन्हा टी पेशींतच एक पोटजात अशी असते की जिचं कामच मुळी इतरांना आवरायचं. एरवी ती नसेल तर आपलं शरीर स्वतःलाच खाऊन टाकेल. जपानच्या साकागुची ह्यांनी १९९५ मध्ये ती ओळखली आणि २०२५ मध्ये त्यांना अमेरिकेतल्या दोघांबरोबर नोबेल मिळालं. गाठीच्या आत मात्र तिची दटावणी रोगाच्याच पथ्यावर पडते.

बोस्टनच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये किडनीच्या गाठींतली एकेक पेशी तपासून पाहिली. काही गाठी सुरुवातीच्या, काही पसरलेल्या. रोग जसजसा पुढे गेलेला, तसतशा दमलेल्या टी पेशी वाढलेल्या, आणि मॅक्रोफेजही लढणारे कमी, दटावणारे जास्त. दोघं एकमेकांना त्याच अवस्थेत ठेवतात असं दिसलं. घरात एक माणूस हताश बसला की दुसराही बसतो, तसंच म्हणायचं.

तेव्हा वन्सं, सैन्याला तूप कमी पडलं नव्हतं. सैन्य भरपूर होतं. तुमच्या स्वयंपाकघराचा आणि त्या पीडी-१ बटणाचा काही संबंध नाही. हे मी त्यांना रिक्षात बसल्यावर पुन्हा एकदा सांगितलं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पदर डोळ्याला लावत होत्या.

सगळ्याच पांढऱ्या पेशी फितूर, असं मात्र समजू नका हं. किडनीच्या कर्करोगात फार क्वचित एक नवल घडलेलं डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. रोगट किडनी काढल्यावर फुप्फुसातले ठिपके आपोआप विरून गेले. म्हणजे शरीराला हे जमतं, पण त्याला अडवलेलं असतं. ह्याच आशेनं अमेरिकेत १९९२ मध्ये इंटरल्यूकिन-२ नावाचं, टी पेशींना चेतवणारं औषध पसरलेल्या किडनीच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. शंभरातल्या पंधराएक जणांच्या गाठी लहान व्हायच्या, थोड्यांच्या कायमच्या जायच्या, पण औषध सोसायला महाकठीण.

मग बटण सोडवण्याची औषधं आली. पीडी-१ शोधणारे जपानचे होन्जो आणि तसंच दुसरं बटण ओळखून ते सोडवून दाखवणारे अमेरिकेचे ॲलिसन ह्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निव्होलुमॅब हे औषध अमेरिकेत किडनीच्या कर्करोगासाठी २०१५ च्या अखेरीस मंजूर झालं, आणि २०१८ मध्ये इपिलिमुमॅबबरोबर त्याची जोडी. ही औषधं 'ताकद वाढवत' नाहीत, ती ब्रेक सोडतात. ब्रेक दाबलेल्या स्कूटरमध्ये पेट्रोल ओतत राहून काय होणार? सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण ज्यांना येतो त्यांतले काहीजण वर्षानुवर्षं चांगले राहतात.

आणि किंमत! ती ऐकून वन्संच्या हातातली पिशवी गळून पडली. रक्तवाहिन्या रोखणाऱ्या आधीच्या एका गोळीचंही असंच होतं. सोराफेनिब तिचं नाव. महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये लागायचे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून भारतातला पहिला सक्तीचा परवाना निघाला आणि एका देशी कंपनीला तीच गोळी महिन्याला नऊ हजारांच्या आत देणं भाग पडलं. बटण सोडवणाऱ्या औषधाबाबत आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी दिलं, तरी रोग्यांचं आयुष्य वाढलं. किडनीसाठी तेवढंच पुरेल असा अर्थ त्यातून काढू नये. पण खर्चाची गोष्ट डॉक्टरांपुढे काढायला लाजू नका. कमी मात्रा, सरकारी योजना, मदत देणाऱ्या संस्था, काय काय आहे ते विचारलंच पाहिजे. आम्ही विचारलं. भावोजींना ते आवडलं नाही, पण विचारलं.

आता ओट्यावरच्या बाटल्या. डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरचं काही औषध चालू आहे का?" वन्सं म्हणाल्या, "छे, काही नाही." मी टेबलाखालून पाय दाबला, तरी नाही. शेवटी मीच यादी सांगितली. रागावल्या माझ्यावर, चालायचंच. २०२० मध्ये करोनाच्या भीतीनं घरोघर गुळवेल सुरू झाली होती. तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रोगी नोंदवले, आणि पुढे इतर शहरांतूनही अशा नोंदी झाल्या. आयुष मंत्रालयानं ह्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, तेही सांगायला हवं. पण भावोजींचं जे औषध सुरू होणार होतं, त्यातही यकृताला सूज येऊ शकते. दोन्ही एकदम चालू असलं आणि सूज आली तर चोर कोणता हे कसं ओळखायचं? म्हणून बाटल्या बंद. आवळा, लिंबू ताटात असतात तसे असू द्यावेत.

हे औषध ज्यांच्या घरी चालू असेल त्या बहिणींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. ब्रेक सुटलेल्या टी पेशी कधीकधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर, थायरॉइडवर उठतात. रोग्याला जुलाब सुरू झाले तर आपण काय करतो? ताकभात, जायफळ उगाळून, फार तर साबुदाण्याची पेज. ह्या रोग्यांच्या बाबतीत त्यावर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कोरडा खोकला, धाप, अंगावर पुरळ, डोळे पिवळे, कमालीचा थकवा, ह्यांतलं काहीही असलं तरी तेच. वेळेवर कळलं तर स्टेरॉइड देऊन सहसा आवरता येतं. आणि औषध संपून काही महिने लोटल्यावरही हा त्रास उद्भवू शकतो, तेव्हा दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ह्या औषधाचं नाव आधी सांगा. वन्संनी ते कागदावर लिहून भावोजींच्या पाकिटात ठेवलंय.

मूळ रोगाबद्दल थोडक्यात. लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं आणि दुखलं नाही, तरी दाखवायचं. आपण बायका तर पाळीचं असेल, उन्हाळी लागली असेल म्हणून सोडून देतो. पाळी गेलेल्या सासूबाईंच्या, आईच्या बाबतीत तर मुळीच सोडू नका. बिडी-सिगारेट, वाढतं वजन आणि आटोक्यात नसलेला रक्तदाब ह्यांनी हा रोग व्हायचा धोका वाढतो. घरात एकाहून अधिक जणांना झाला असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं.

भावोजींची तीन इंजेक्शनं झाली. मध्ये दोन दिवस पोट बिघडलं, वन्संनी रात्री दहाला डॉक्टरांना फोन केला, तपासणी झाली, नुसतं बाहेरचं खाल्ल्यानं झालं होतं. (भजी. कबूल केलं शेवटी.) फोटो पुढच्या महिन्यात काढायचा आहे. परवा फोनवर वन्सं सांगत होत्या, त्या बोलून गेलेल्या बाई पुन्हा आल्या होत्या. वन्संनी त्यांना चहा दिला आणि चिठ्ठीच्या पाठीवरचं ते चित्र समोर ठेवून पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, काट्यापासून बटणापर्यंत. "अगं, तास घेतला मी त्यांचा," म्हणाल्या.

पुढच्या अंकात सोलापूरच्या एका भगिनीनं विचारलेल्या तांब्याच्या भांड्यांविषयी लिहीन.